एक स्प्रिंग जास्त

खोकं माळ्यावर मोडक्या पंख्याच्या मागे पडलं होतं. चिमटीने ते स्वतःच ओढून काढलं, त्यात कोपर खरचटून घेतलं, आणि मामाच्या चहाच्या कपाला खेटून टेबलावर ठेवलं.

“बाबांची गाडी,” ती म्हणाली. “चालू करून दे.”

मामाने झाकण उचललं. आत रिमोटवर चालणारी गाडी होती, हातभर लांब, मागे मोठी चाकं, पुढे लहान. कवच पिवळं पडून नाकाजवळ तडकलं होतं. टायर दगडासारखे झाले होते. बॅटरीचं पोट फुटून हिरवट पूड साऱ्या तारांवर पसरली होती. शेजारी दोन दांड्यांचा रिमोट होता, त्याचा अँटेना कंबरेत वाकलेला. भावोजींनी ही गाडी लग्नाच्या कितीतरी आधी, पहिल्या नोकरीत असताना घेतली होती. तिच्यापायी म्हणे त्यांनी वर्षभर फाटक्या बुटात दिवस काढले होते.

“हिचा तर मुडदा झालाय,” मामा म्हणाला आणि त्याने जीभ चावली. या घरात हल्ली शब्द तोलून वापरावे लागत.

“तू लिफ्ट चालू करतोस. ती तर केवढी मोठी असते.”

“लिफ्टला मी एकटा चालू करत नाही. चार शिव्या आणि एक मदतनीस लागतो.”

“मदतनीस मी आहे. शिव्या तू दे.”

“दादा, तिच्या नादी लागू नकोस,” आतून बहिणीचा आवाज आला. “एकदा धरलं की सोडत नाही ती.”

म्हणूनच तर तिचं नाव चिमटी पडलं होतं. रांगत्या वयात तिने बापाची मिशी धरली होती, ती सोडवायला घरातली सगळी माणसं लागली. नाव बापानेच ठेवलं. आता तो बाप हॉस्पिटलात पडून होता.

भावोजी गोदामात क्रेन चालवायचे. एका सकाळी दाढी करता करता आरशापुढेच कोसळले. मेंदूत रक्त साकळलं होतं. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोळे उघडे असायचे, पण कुणाच्या चेहऱ्यावर ठरायचे नाहीत. डाव्या हाताची तर्जनी तेवढी अधूनमधून वाकायची. डॉक्टर म्हणत, तो नुसता स्नायूचा झटका. चिमटी म्हणायची, बाबा बोलावतात.

सगळं त्या एका बोटावर येऊन ठेपलं होतं. हॉस्पिटलात एक पुनर्वसनाचा वॉर्ड होता. तिथे माणसाला पुन्हा बसायला, गिळायला, चमचा धरायला शिकवत. पण सांगितलेलं समजून जो हालचाल करतो, त्यालाच तिथे घेत. बाकीच्यांची रवानगी शुश्रूषागृहात. तिथे कूस बदलतात, नळीने पोटात अन्न घालतात आणि वाट बघतात. कशाची, ते कुणी उघड बोलत नाही. शेवटची तपासणी महिनाअखेर ठरली होती.

“थेरपिस्टबाई म्हणाल्या,” चिमटी सांगू लागली, “ओळखीची वस्तू हातात दिली की कधीकधी माणूस एकदम काहीतरी करतो. बाबांना ही गाडी ओळखीची आहे. फक्त ती एका बोटाने चालली पाहिजे.”

मामाने जुना रिमोट हातात घेतला. त्याच्या दोन दांड्यांना दोन अंगठे लागत. भावोजींकडे धड एकही नव्हता. नव्या तऱ्हेचे रिमोट पिस्तुलासारखे येतात, हे त्याने दुकानात पाहिलं होतं. डाव्या मुठीत धरायचा, डाव्या तर्जनीने चाप ओढायचा; उजव्या हाताला नुसतं वळवायचं चाक. सरळ रेषेत जायचं असेल तर उजव्या हाताची गरजच नाही.

“बघू,” तो म्हणाला. मामाचं ‘बघू’ म्हणजे ‘हो’ हे चिमटीला ठाऊक होतं. ती लगेच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आली.

कामाला बसण्याआधी मामाने अंड्यांचा रिकामा ट्रे मागितला. त्याच्या धंद्यातली ही रीत होती. काढलेला प्रत्येक स्क्रू, प्रत्येक वॉशर क्रमाने एकेका खळग्यात ठेवायचा. वर डाव्या कोपऱ्यातून सुरुवात. जोडताना शेवटच्या खळग्याकडून उलटं मागे यायचं. ट्रे रिकामा झाला म्हणजे काम पुरं. एक जरी वस्तू उरली, तरी पुन्हा उघडायचं.

“आणि बदललेली जुनी वस्तू?” चिमटीने विचारलं.

“तीही ट्रेमध्येच. काम झाल्यावर डब्यात. काढलेली वस्तू खिशात घालायची नाही, फेकायची तर मुळीच नाही. उद्या कुणी विचारलं, आधी इथे काय होतं, तर दाखवता आलं पाहिजे.”

दुसरा नियम त्याने मोटर तपासताना शिकवला. चिमटी तारा जोडून लगेच बटण दाबायला निघाली होती. त्याने तिचा हात धरला.

“आधी काहीच करायचं नाही. काही न करता काय होतं ते बघायचं. काही न करताच चाक फिरलं, तर तू बटण दाबल्यावर फिरलं ते कशाने फिरलं, सांग बरं?”

“आपोआप.”

“मग तुला काय कळलं?”

“काहीच नाही.”

तिसरा नियम तिने त्याच्या पिशवीतून शोधून काढला. तिला लाल वायरींचे वीतभर तुकडे सापडले, दोन्ही टोकांना पकडी, आणि प्रत्येकाला मध्ये एक लाल फडकं गाठ मारून बांधलेलं.

“हे जम्पर,” मामा म्हणाला. “लिफ्टचं दार नीट लागलं की एक कॉन्टॅक्ट जुळतो, मगच लिफ्ट हलते. दुरुस्ती करताना दार उघडं ठेवावं लागतं. मग ही वायर लावून लिफ्टला फसवायचं. तिला वाटतं, दार बंद आहे.”

“आणि फडकं कशाला?”

“काढायचं विसरू नये म्हणून. जम्पर राहिला की लिफ्ट उघड्या दाराने धावते. समोर मजला आहे असं समजून माणूस पाऊल टाकतो आणि खाली पोकळी असते. आमच्यात बाकी सगळ्या चुकांना माफी आहे. याला नाही.”

चिमटीने वायरी जशा होत्या तशा पिशवीत ठेवल्या.

काम रोज संध्याकाळी चाले, मामाची ड्युटी सुटल्यापासून बहीण हॉस्पिटलातून परत येईपर्यंत. बहीण चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, तिथून परस्पर नवऱ्याकडे जायची. घरी आल्यावर टेबलावर पसरलेली चाकं, स्प्रिंगा, तेलाचे बोळे बघून ती नुसती बाजूला बसे. कधी एखादा दात घासायचा ब्रश उचलून गिअरच्या फटीतली माती काढी.

“तुझ्या बापाने ही कधी साफ केली नव्हती,” एकदा ती म्हणाली. “घाण असली की वेग जास्त वाटतो म्हणायचा.”

तिघंही हसले. मग बहीण पुन्हा ब्रशने माती काढू लागली.

जुन्यातलं थोडंच टिकलं. सांगाडा टिकला, गिअर टिकले, दोन धक्काशोषक तेल बदलल्यावर पुन्हा मऊ झाले. वेग बदलणारी जुनी पट्टी जळून कोळसा झाली होती. तिच्या जागी काडेपेटीएवढा नवा कंट्रोलर आला. चाकांच्या आसावरच्या झिजलेल्या प्लॅस्टिकच्या बुशांऐवजी छोटे बेअरिंग बसले. चाकाला चिमटीने टिचकी मारली की ते फिरतच राही, आणि ती कान लावून बसे. नवी बॅटरी, नवे टायर, नवा रिमोट. कवच मात्र तिने बदलू दिलं नाही. तडा आतून चिकटपट्टीने सांधला, कारण बाबांनी ओळखायचं तर ते वरूनच ना.

शेवटच्या दिवशी ट्रे रिकामा झाला. गाडी जिन्याखालच्या मोकळ्या जागेत सोडली, तर ती अशी सुसाट निघाली, की तळमजल्यावरचा म्हातारा भाजीची पिशवी छातीशी धरून भिंतीला चिकटला.

“लायसन आहे का?” त्याने विचारलं.

“मामाचं आहे,” चिमटी म्हणाली, “पण ते लिफ्टचं.”

रविवारी गाडी हॉस्पिटलात गेली. थेरपिस्टबाईंनी परवानगी दिली होती. खाटेचं डोकं वर केलं, भावोजींच्या डाव्या मुठीत रिमोट बसवला, तर्जनी चापावर टेकवली, खाली उशीचा आधार दिला. गाडी समोर फरशीवर. चिमटी खाटेच्या कठड्याला धरून उभी राहिली.

“बाबा, ओढा.”

भावोजींचे डोळे छताकडे होते. बोट एकदा किंचित आक्रसलं, चाप तसूभरही हलला नाही.

“बाबा, ही तुमचीच गाडी आहे. चाप ओढा.”

शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको फळ सोलायची थांबली होती. बहीण नवऱ्याच्या कपाळावरचे केस उगाचच मागे सारत राहिली. बराच वेळ गेला.

“बॅटरी उतरली असेल,” चिमटी म्हणाली. बॅटरी तिनेच सकाळी भरली होती.

परतताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. रडली असती तर मामाला सोपं गेलं असतं. ती फक्त एकदा म्हणाली, “चाप जरा कडक आहे का रे?”

“बघतो,” मामा म्हणाला.

त्याने खरंच बघितलं. मंगळवारी दुपारी दोन कामांच्या मधल्या वेळात तो बहिणीच्या घरी आला. चिमटी शाळेत होती, बहीण दुकानात. त्याने रिमोट उघडला, स्क्रू ट्रेमध्ये लावले. चापाची स्प्रिंग चिमट्याने धरून बाहेर काढली. खिशातलं बॉलपेन उघडून त्याची स्प्रिंग काढली, निम्मी कापली, तिच्या जागी बसवली. मग कंट्रोलरची सेटिंग अशी करून ठेवली, की चाप केसभर हलला तरी गाडीने उडी घ्यावी. बोटाचं नुसतं वजन पडलं, तरी पुरे.

आपण काय करतोय हे त्याला कळत नव्हतं, असं नाही. तीस वर्षं त्याने दुसऱ्यांचे विसरलेले जम्पर काढले होते. पण बसच्या काचेतला पोरीचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. तपासणीपर्यंत तिला चार दिवस बरे जावेत. कोण जाणे, गाडी एकदा पळालेली बघून भावोजींच्या आतही काहीतरी हलेल. माणूस स्वतःला पटवायला बसला की कारणांना तोटा नसतो. त्याने स्क्रू उलट क्रमाने लावले. काढलेली स्प्रिंग शेवटच्या खळग्यात राहिली. ट्रे त्याने सवयीने फडताळात ठेवला आणि तो कामावर गेला.

गुरुवारी संध्याकाळी पुन्हा सगळे खाटेभोवती जमले. मुठीत रिमोट, चापावर बोट. चिमटीने गाडी फरशीवर ठेवली आणि ती सरळ होते न होते तोच गाडीने उसळी मारली. ती हातभर गेली, थांबली, पुन्हा उसळली आणि कपाटाच्या पायावर जाऊन आदळली.

बहीण खाटेच्या काठावर बसली. तिने नवऱ्याचा हात रिमोटसकट दोन्ही हातांत धरला. आजारपण सुरू झाल्यापासून ती माणसांदेखत रडली नव्हती. आता रडली, आणि हसलीही.

“मी अजून ‘ओढा’ म्हटलंच नव्हतं,” चिमटी म्हणाली.

“म्हणायची काय गरज? कळलं त्याला.”

चिमटीने गाडी कपाटाखालून काढली, उलटी करून चाकं बघितली, आणि मामाकडे पाहिलं. मामा खिडकीबाहेर बघत होता.

त्यानंतर जे झालं ते मामाने धरलं नव्हतं. हॉस्पिटलपासून चालत जाता येईल अशा एका शुश्रूषागृहात भावोजींसाठी एक खाट राखून ठेवली होती. बहिणीने त्यासाठी कितीतरी ओळखी काढल्या होत्या. ती गरज पडली तर असावी म्हणून. तिथली माणसं रोज विचारत होती, घेणार की सोडू. बाहेरच्या पॅसेजमध्ये येऊन बहिणीने फोन लावला.

“नाही, आता नको. दुसऱ्या कुणाला द्या. हो, प्रतिसाद देतोय तो.”

“एवढी घाई कशाला?” मामा म्हणाला. “तपासणी तर होऊ दे.”

तिने फोनवर हात ठेवला. डोळे अजून ओले होते. “दादा, तू बघितलंस ना?”

खरं सांगून टाकायचा हाच क्षण होता. बाजूने एक वॉर्डबॉय रिकामी व्हीलचेअर ढकलत गेला, तिचं एक चाक कुरकुरत होतं. त्या चाकाला बेअरिंग हवं, असं मामाच्या मनात आलं.

“बघितलं,” तो म्हणाला.

खाट गेली.

तपासणीच्या दिवशी डॉक्टर आले, थेरपिस्टबाई आल्या. चिमटी रिमोट आणि गाडी स्वतः घेऊन आली होती. मामाला हात लावू दिला नव्हता. तिने सगळं जागच्या जागी बसवलं. डॉक्टरांनी हात मागे बांधले.

“आपण असं करू,” थेरपिस्टबाई म्हणाल्या. “आधी थोडा वेळ कुणीच काही बोलायचं नाही. काही न सांगता काय होतं ते बघू. मग सांगून बघू. आणि मग ‘थांबा’ म्हणून बघू.”

 हा तर मामाचाच नियम होता, आणि इतक्या दिवसांत तो त्याच्या डोक्यात आला नव्हता. आता काही न सांगता गाडी उसळणार. सगळ्यांसमोर, मिनिटभरात, उसळणार. तो फरशीकडे बघत राहिला.

भावोजींचं बोट आक्रसलं. पुन्हा आक्रसलं. गाडी जागची हलली नाही.

मामाला आधी हायसं वाटलं. मग त्याच्या ध्यानात आलं, की गाडी हलायला हवी होती. त्याने चिमटीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. बापाच्या कानाशी वाकली होती.

“बाबा. आता ओढा.”

काही नाही.

“बाबा, मी आहे. जोर लागेल थोडा. पण तुम्हाला येतं. ओढा.”

डॉक्टरांनी वाट बघू दिली. माणूस सज्जन होता, घड्याळ बघितलं नाही. बहिणीने सांगून पाहिलं, थेरपिस्टबाईंनी बोटाला बोट लावून ओढायचं कसं ते दाखवून पाहिलं. डोळे छतावर होते. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ आली, ती बहिणीने पुसली.

“परवा चालवली होती,” बहीण म्हणाली. “आम्ही सगळ्यांनी बघितली. दादा, सांग ना त्यांना.”

सगळ्यांचे डोळे मामाकडे वळले. त्याने खाली वाकून खोकं उचललं.

“तसं होतं कधीकधी,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. “झटका आला की वाटतं, मुद्दाम केलं.” त्यांनी बहिणीला बाजूला नेलं.

मामा आणि चिमटी खोकं घेऊन लिफ्टने खाली निघाले. लिफ्टमध्ये दोघंच होती.

“ट्रेमध्ये एक स्प्रिंग जास्त होती,” चिमटी म्हणाली. “शेवटच्या खळग्यात. आपण तर सगळं बसवलं होतं.”

मामाने तळमजल्याचं बटण पुन्हा दाबलं.

“मी रिमोट उघडला. आत पेनाची होती. मग मी बाबांच्या बोटाऐवजी चापावर मोजा ठेवला. माझा. त्यात दुसरा मोजा कोंबून. गाडी गेली, मामा. मोजा ठेवला तरी गेली.”

“मग खरी बसवलीस.”

“हो. सेटिंग पण पहिल्यासारखी केली.”

“मला विचारायचं तरी.”

“तू विचारलंस का मला?”

लिफ्ट मध्येच थांबली, दार उघडलं, बाहेर कुणी नव्हतं, दार पुन्हा लागलं. मामाने कॉन्टॅक्ट जुळल्याचा आवाज ऐकला. हा आवाज त्याला झोपेतही ओळखता आला असता.

“मला वाटलं,” चिमटी दाराकडे बघत म्हणाली, “खरी स्प्रिंग असली तरी बाबा ओढतील.”

तिने मूठ पुढे केली. त्याच्या तळव्यावर पेनाची अर्धी स्प्रिंग ठेवली.

“तुझा जम्पर,” ती म्हणाली. “आईला तू सांग. मी नाही सांगणार.”

त्याने सांगितलं. हॉस्पिटलच्या आवारातल्या सिमेंटच्या बाकावर, बहीण खाली आल्या आल्या. स्प्रिंग तळव्यावर धरून दाखवली, कारण काढलेली वस्तू दाखवता आली पाहिजे. बहिणीने ती उचलून डोळ्यांजवळ नेली. दिवसभर काचा घासणारी बाई, तिचे डोळे बारीक वस्तूला सरावलेले होते.

“मी फोन करत होते,” ती शेवटी म्हणाली, “तेव्हा तू शेजारी उभा होतास.”

“हो.”

“मी विचारलं होतं तुला.”

“हो.”

तिने जवळच्या शुश्रूषागृहाला पुन्हा फोन लावला. खाट त्याच दिवशी दुसऱ्या कुणीतरी घेतली होती. आता महिनोन्महिने नाही, म्हणाले. दुसरी जागा मिळाली ती शहराच्या पार बाहेर, दोन बस बदलून, पुढे चालत. रोज जाणं शक्यच नव्हतं. रविवारीच काय ते.

त्या बाकावरून उठल्यापासून बहिणीने भावाला ‘दादा’ म्हटलं नाही. भांडलीही नाही. भांडली असती तर कधीतरी मिटलं असतं. काही सांगायचं असलं की ती पोरीला सांगे. मामाला विचार चहा घेणार का. मामाला सांग बस आली. मामा तिथेच दोन हातांच्या अंतरावर बसलेला असे.

चिमटी मात्र बोलायची. काही दिवसांनी तिने फर्मावलं, की खऱ्या स्प्रिंगच्या आणि पेनाच्या स्प्रिंगच्या मधल्या स्प्रिंगा हव्यात. पुष्कळ. एकीपेक्षा दुसरी थोडीशी मऊ. मामाने वर्कशॉपमध्ये तार गुंडाळून त्या हाताने केल्या आणि अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीने लावल्या, सगळ्यांत कडक पहिल्या खळग्यात.

“मोज्याने गाडी हलली की ती स्प्रिंग बाद,” चिमटी म्हणाली. “मोज्याने नाही हलली, आणि बाबांनी हलली, तर ती खरी.”

“बरोबर,” मामा म्हणाला. त्याला त्यात काही दुरुस्ती सुचवता आली नाही.

तेव्हापासून रविवार तसे जातात. शुश्रूषागृहाचा हॉल लांबलचक आहे, फरशी गुळगुळीत. गाडीला याहून चांगली जागा मिळायची नाही. दोन्हीकडे खाटा, त्यांवर माणसं, त्यांचे डोळे छताकडे. चिमटी आधी चापावर मोजा ठेवते, गाडीकडे बघत उभी राहते. गाडी हलत नाही. मग ती मोजा काढून बापाचं बोट ठेवते.

या रविवारी ती पाचव्या खळग्यातल्या स्प्रिंगवर आली. मामा खाटेच्या पायथ्याशी उभा होता, बहीण उशाशी. मोजा झाला. बोट ठेवलं.

“बाबा, ओढा,” चिमटी म्हणाली.

तर्जनी आता पूर्वीइतकी आक्रसत नव्हती. नखं वाढली होती. बहिणीने पर्समधून नेलकटर काढून बाकीच्या बोटांची नखं कापायला घेतली, त्या एका बोटाला धक्का लागणार नाही अशा बेताने. पलीकडच्या खाटेवरचा कुणी खोकला. सेविका कूस बदलायला येईपर्यंत सगळी तशीच थांबून राहिली.

सेविका आली तेव्हा चिमटीने रिमोट सोडवून घेतला, बॅटरीची पिन काढली, चार स्क्रू उघडून स्प्रिंग काढली आणि ती तिच्या खळग्यात परत ठेवली.

“पुढच्या वेळी सहावी,” ती म्हणाली.

बहिणीने नेलकटर पर्समध्ये टाकलं.

“मामाला सांग,” ती म्हणाली, “खोकं धरायला. बस चुकेल.”